मागच्या सीटवरून

९ जानेवारी, गुरुवार

ही डायरी आमच्याच प्रेसमध्ये छापलेली. कापताना कोपरा गेला, म्हणून माझ्या वाट्याला आली. दरवर्षी एक येते आणि कोरीच राहते. या वर्षी लिहायला कारण मिळालं आहे.

आज गाडी घरी आणली. शंभर सीसीची स्कूटर, राखाडी रंगाची, गिअर नाही, क्लच नाही. वजनाला इतकी हलकी की दुकानदारानं बोलता बोलता एका हातानं सरळ केली. माझी मोटरसायकल सरळ करायची तर आधी कमरेची परवानगी घ्यावी लागायची. ती आता गॅरेजवाल्याला देऊन टाकली. गुडघा ऐकत नाही, किक मारली की दिवसभर ठणकतो.

गाडी आमच्या हिच्यासाठी आहे. ही आधी नाहीच म्हणत होती. "छप्पन्नाव्या वर्षी स्कूटर शिकू? लोक हसतील." मी म्हटलं, हसू देत, त्यांचेच दात दिसतील. खरं कारण हिला सांगितलेलं नाही. मला सकाळची झोप हवी आहे. हिची लॅब सातला उघडते, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं त्याआधीच पायरीवर बसलेली असतात. माझी पाळी दुपारची. तरी लग्न झाल्यापासून सकाळी उठून हिला मागे बसवायचं आणि लॅबच्या दारात सोडायचं, हा नेम.

आणि वाटेत टकळी. मागे बसली की हनुवटी माझ्या उजव्या खांद्यावर आणि तोंड माझ्या कानाशी. माझं हेल्मेट जुन्या पद्धतीचं, टोपीसारखं, कान उघडे. मग कोणाची शीर सापडली नाही, कोण आडदांड गडी सुई बघून आडवा झाला, लॅबच्या डॉक्टर मॅडम कोणावर डाफरल्या, लेकीचं सासरी काय चाललंय, घरात काय संपलंय, सगळं पुलाच्या चढापर्यंत सांगून व्हायचं. मी नुसता हुंकार द्यायचा.

चला, कानाला विश्रांती मिळाली.

१२ जानेवारी, रविवार

शिकवणी सुरू. शाळेमागच्या मैदानावर गेलो. मी मधोमध उभा आणि ही माझ्याभोवती फेऱ्या मारतेय. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. "ब्रेक दोन्ही दाब! मूठ एकदम पिळू नकोस!" मी ओरडत होतो. मूठ सोडून ही खांदेच वर करायची, जणू गाडी खांद्यांनी चालते.

मधल्या स्टँडवर गाडी कशी चढवायची ते दाखवलं. हातानं उचलायची नाही, पाय स्टँडवर ठेवून अंगाचा भार द्यायचा, गाडी आपली आपण मागे सरकते. हे हिला पहिल्या फटक्यात जमलं. मला कौतुक वाटलं. सांगितलं मात्र नाही. शिकणाऱ्याला लगेच चढवू नये.

दुकानदारानं हिला पूर्ण तोंड झाकणारं नवं हेल्मेट दिलंय. त्यातून हिनं काहीतरी विचारलं. मी हो हो म्हटलं. त्याबरोबर ही सरळ कुंपणाच्या झुडपात घुसली. खाली उतरून माझ्यावरच, "वळू का आता असं विचारलं, तुम्ही हो म्हणालात!" हेल्मेटमधून बोलतं का कोणी? मडगार्डला एक ओरखडा. हिच्या कोपराला दुसरा. मग दोघंही हसत सुटलो.

२० जानेवारी, सोमवार

आज ही एकटी गेली. खिडकीतून पाहिलं. कोपऱ्यावर थांबली, पाय टेकवला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे. मग गेली. मागे वळून पाहिलं नाही. आरसे आहेत म्हणा.

मी परत अंथरुणात शिरलो. झोप काही लागली नाही. नव्याची नवलाई आहे, अंगवळणी पडेल. चहा एकट्यानं करून घेतला, साखर दोनदा पडली.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज चूक झाली, पण माझी नाही. काल दुपारी मी स्कूटर धुतली, जरा चालू करून पाहिली आणि स्टँडवर लावून घरात आलो. किल्ली तशीच राहिली आणि इंजिन चालूच राहिलं. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी येऊन सांगितलं तोवर टाकीत थेंब नव्हता. आज सकाळी गाडी ढकलत ही पंपापर्यंत गेली आणि लॅबला उशीर झाला. मॅडम बोलल्या म्हणे.

"इंजिन चालू आहे हे कळलं कसं नाही तुम्हाला? शेजारीच तर उभे होतात."

आता हे इंजिन आहे की शिवणयंत्र? एवढासा जीव, आवाज तो काय करणार! हल्ली सगळ्याच वस्तू मुक्या निघाल्यात. प्रेसमधलं नवं मशीनही तसंच, चालू आहे की बंद ते हात लावून बघावं लागतं. जुन्या मशीनवर शाई जास्त झाली की रोलर चुरचुरायचे. मी पाठ करून उभा असलो तरी सांगायचो, शाई कमी करा. मालक पाहुण्यांना माझा कान दाखवायचे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

टीव्हीवरून जुंपली. ही म्हणते आवाज फार मोठा आहे, वरच्या काकू तक्रार करतात. मी म्हटलं, बातम्या देणारेच तोंडातल्या तोंडात बोलतात, त्यांच्याकडे तक्रार करा. तर म्हणाली, "आमच्या लॅबशेजारी कानाचे डॉक्टर बसतात. एकदा दाखवून घ्या."

माझं डोकंच फिरलं. मशीनमनचा कान आहे हा, म्हटलं. स्कूटर मिळाल्यापासून बाईसाहेबांना शिंगं फुटलीयत. कानामागून आली आणि तिखट झाली ती गाडी, आणि ऐकून मी घ्यायचं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

लॅबनं घरी जाऊन रक्त घेण्याची सोय सुरू केलीय. गाडी आहे म्हणून ते काम हिच्याकडे आलं. पायाशी बर्फाची पेटी ठेवते, पिशवीत सुया, कापूस, दंडाला बांधायचा पट्टा, आणि गल्लीबोळांतून फिरते. हलकी गाडी, कुठेही शिरते, कुठेही वळते. काल मी बस थांब्यावर उभा होतो, समोरून ही गेली. सिग्नलला थांबून हेल्मेटची काच वर केली, रुमालानं नाक पुसलं आणि हिरवा होताच सगळ्यांच्या आधी निघाली. क्षणभर मी ओळखलंच नाही. कोण ही बाई, एवढी ऐटीत, असं वाटलं.

घरी मात्र फार बोलत नाही हल्ली. आणि बोलते तेव्हा पुटपुटते. पूर्वी लॅबमधलं सगळं मला माहीत असायचं. आता कोण आजारी, कोण बरं झालं, काही कळत नाही. दमत असेल. मी आपला विचारायला जात नाही. या वयात शांतता लाभणं भाग्याचं.

६ मार्च, गुरुवार

आज मी किती समंजस नवरा आहे याची नोंद करून ठेवतो, म्हणजे पुढे भांडणात उपयोगी पडेल.

सुट्टी होती. मी टेबलाशी पेपर वाचत होतो. ही ओट्यापाशी, पाठ माझ्याकडे, नळ चालू, भांडी घासत बोलत होती. बरंच लांबण लावलं होतं. मी मधून मधून हुंकार देत होतो. स्कूटर सर्व्हिसिंगला न्यायचं काहीतरी असावं. मग हिनं नळ बंद केला आणि वळली. हातातून पाणी गळत होतं. काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "हो हो. चालेल की. मला काय त्रास?"

ती तशीच उभी. पुन्हा काहीतरी म्हणाली, खाली बघून.

"तुला पटेल तसं कर," मी म्हटलं. "मी कधी आड आलोय?"

याहून मोकळीक ती कोणती द्यायची? लेक म्हणते बाबांचा होकार म्हणजे मान जरा उजवीकडे कलती करून दोनदा हलवणार. तसा घसघशीत होकार दिला. ही बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ आलीच नाही.

८ मार्च, शनिवार

ही नीट जेवत नाहीये. पोट बिघडलं का, विचारलं. ताट उचलता उचलता काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, हो हो, ताक घे जरा.

१७ मार्च, सोमवार

वरच्या काकू जिन्यात भेटल्या. माझा हात हातात घेऊन काहीतरी म्हणाल्या, डोळ्यांत पाणी. मी हसून मान हलवली. त्या जरा चमकल्यासारख्या दिसल्या. बायकांचं कशावरून काय निघेल सांगता येत नाही.

हिनं माळ्यावरून मोठी बॅग काढलीय. लेकीकडे जाणार असेल.

२३ मार्च, रविवार

लेकीचा फोन आला. फोनवर कसं स्वच्छ ऐकू येतं, तेही उजव्या कानाला लावला की. गाडी घेऊन ही एका पेशंटकडे गेली होती.

लेक आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटे कसे राहणार?"

"एकटा का? तुझ्याकडे चार दिवस येतेय ती, तेवढ्यात काय होतंय?"

मग म्हणाली, "बाबा, आई माझ्याकडे येत नाहीये. लॅबची नवी शाखा निघतेय ना, तिथं इन्चार्ज म्हणून चाललीय. दोन वर्षांसाठी. आई म्हणाली, तुम्हाला विचारलं होतं."

मी खुर्चीत बसलो. शहराचं नाव विचारलं. बसनं दिवस जातो तिथं पोचायला.

"मला कधी विचारलं?"

"सुट्टीच्या दिवशी. भांडी घासताना. आई म्हणाली, मी गेले तर तुम्हाला चालेल का असं विचारलं, तर तुम्ही हातातला पेपरही खाली न ठेवता चालेल की म्हणालात. मला काय त्रास म्हणालात. बाबा, तुम्ही नुसतं कपाळाला आठी घातली असती तरी ती नाही म्हणणार होती. तिनं तसं मला आधीच सांगितलं होतं. दोन दिवस जेवली नाही ती."

मी म्हटलं, मला ऐकू आलं नाही गं.

"आई तेच म्हणते. म्हणते, मोटरसायकलवर बारीकसारीक सगळं ऐकू यायचं, घरात आलं की ऐकू येत नाही. म्हणजे ऐकायचंच नसतं." मग लेकच रडायला लागली.

नळाचा आवाज, भांड्यांचा आवाज, आणि त्यात तिनं एवढी मोठी गोष्ट विचारली. समोर येऊन का नाही विचारली? पण नळ बंद करून ती समोर वळली होती. ते मीच वर लिहून ठेवलंय.

२५ मार्च, मंगळवार

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. हिला कळू नये म्हणून तिच्या लॅबशेजारचे सोडून गावाच्या दुसऱ्या टोकाचे शोधले.

काचेच्या खोलीत बसवलं, कानाला दोन वाट्या लावल्या आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तपासणारी मुलगी काचेपलीकडे. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, आवाज सोडताना तिचं बोट किंचित हलतं. मग काय, बोट हललं की मी दाबलं. मनातून खूश. शेवटी तिनं दार उघडलं आणि जवळ येऊन म्हणाली, "काका, शेवटच्या वेळी मी आवाज बंद ठेवून नुसतं बोट हलवत होते. तुम्ही प्रत्येक वेळी बटण दाबलंत."

कोणाला फसवायला गेलो होतो मी?

मग पाठ करून बसवलं. दोन्ही कान गेलेत, डावा जास्त. डॉक्टर म्हणाले, छापखान्यात जन्म काढल्यावर असंच होतं. आधी बारीक आवाज जातात. पक्ष्यांचे, घंटीचे, बायकांचे, मुलांचे. हळूहळू जातात म्हणून माणसाला कळत नाही, त्याला वाटतं जगच पुटपुटायला लागलंय. कानाशी तोंड नेऊन कोणी बोललं तर अजून ऐकू येईल.

"घरच्यांच्या लक्षात कसं आलं नाही?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं की आम्ही रोज बोलतो, सकाळी, मोटरसायकलवर. आणि तिथंच थांबलो.

घरात आम्ही कधी बोलतच नव्हतो. जे काही बोलणं होतं ते त्या रस्त्यावर होतं, माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून. मी त्याला टकळी म्हणत होतो. झोपेपायी मी ते गॅरेजवाल्याला विकलं आणि वर पेढा दिल्यासारखी हिला एक हलकी गाडी दिली.

कानाचं यंत्र बनवायला टाकलंय. यायला वेळ लागेल.

२६ मार्च, बुधवार

आज सांगायचंच ठरवून बसलो होतो. टीव्ही बंद केला. ही लॅबचा पांढरा कोट इस्त्री करत होती, नवा, खिशावर नावाची पट्टी. मी म्हटलं, "ऐक ना."

ती इस्त्री उभी करून समोर आली. पण मी बोलायच्या आधी तीच बोलायला लागली. भरभर बोलत होती, हात हलवत. ओठांवरून थोडं कळलं, "इन्चार्ज" आणि "खोली". खोलीला बाल्कनी आहे असं हातानं दाखवलं. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा असा उजळलेला पाहिला. मग थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारलं होतं तिनं.

आणि माझी मान हलली. जरा उजवीकडे कलती होऊन, दोनदा. सवयीनं. शपथेवर सांगतो, मी हलवली नाही.

तिचा चेहरा विझला. "बरं," म्हणाली. तेवढं कळलं मला. ती परत इस्त्रीकडे गेली.

दगडाखाली हात सापडलाय माझा. सांगितलं तर ती थांबेल, हे मला ठाऊक आहे. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तू इतके महिने जे बोललीस त्यातलं अक्षर मला माहीत नाही, आणि तरी मी हो हो म्हणत गेलो? बहिरा म्हणवून घ्यायची लाज वाटत होती, म्हणून बेफिकीर ठरलो. आता बेफिकीर म्हणून उभा राहायचीही लाज वाटते. आणि तिच्या चेहऱ्यावर तो उजेडही होताच ना? तो मी विझवला. थांबवलं तर कायमचा विझवेन की काय?

ही पळवाट आहे. मला कळतंय.

३१ मार्च, सोमवार

लेकीला फोन करून म्हटलं, आईला काही बोलू नकोस, माझं मी सांगणार. ती म्हणाली, लवकर सांगा. मी हो हो म्हटलं. या वेळी ऐकून म्हटलं.

आज सांगितलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

स्कूटर तिच्याबरोबर जायची आहे, तिकडेही घरोघरी फिरावं लागणार. म्हणून आज माल पाठवण्याच्या डेपोत नेऊन द्यायची होती. उद्या सकाळच्या बसनं ती जाणार.

"मी येतो," म्हटलं. तिनं हेल्मेट घातलं, पुढे बसली, आणि मागची सीट हातानं थोपटली.

मी आयुष्यात पहिल्यांदा मागे बसलो. पाय कुठे ठेवावेत कळेना. एवढी हलकी गाडी, मी बसताच मागून खचली. ती मात्र सराईत. खड्डा आला की आधी वेग कमी, मग अलगद पार. मैदानावर झुडपात घुसलेली बाई ती हीच. मी तिच्या खांद्याला धरलं. तिचा खांदा एवढासा आहे हे मला माहीत नव्हतं.

पुलाचा चढ आला आणि दोघांच्या वजनानं गाडी हळू झाली. इंजिन कण्हायला लागलं असावं, सीटमधून कळत होतं. हाच चढ. इथवर यायच्या आत तिचं सगळं सांगून व्हायचं. मी हनुवटी तिच्या उजव्या खांद्यावर टेकवली आणि हेल्मेटला तोंड लावून सांगितलं. सगळं सांगितलं. नळ चालू होता, मला ऐकू आलं नाही. ते मी चालेल म्हटलं ते स्कूटरच्या सर्व्हिसिंगला म्हटलं. मला कधीपासूनच ऐकू येत नाही, फक्त तू कानाशी बोलायचीस तेच ऐकू यायचं. काचेच्या खोलीत मी त्या मुलीचं बोट बघत होतो, तेही सांगितलं. शेवटी म्हटलं, "जाऊ नकोस. मला चालणार नाही. मला त्रास होईल. जाऊ नकोस."

तिची मान हलली. जरा उजवीकडे कलती होऊन, दोनदा.

माझं काळीज सुपाएवढं झालं. मग ती मान मी ओळखली. ती माझीच मान होती.

डेपोत गडबड होती. गाड्या भरत होत्या, हमाल ओरडत असावेत. नियमाप्रमाणे टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं. आरसे सोडवून माझ्या हातात दिले, वाटेत फुटतात म्हणून. मग दोघा माणसांनी स्कूटरला गोणपाट गुंडाळलं आणि सुतळीनं आवळलं. मडगार्डचा ओरखडा झाकला गेला. दोघांनी मिळून ती अशी उचलली जशी काही रिकामी खुर्ची.

तिनं हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि त्या गोंगाटात माझ्या जवळ आली. उजव्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "मघाशी चढावर मागून काय सांगत होतात? या हेल्मेटमध्ये काही म्हणजे काही कळत नाही. मी आपली हो हो म्हणत होते."

शब्द न् शब्द ऐकू आला. तिचा श्वाससुद्धा.

मी हातातले आरसे या हातातून त्या हातात घेतले. "काही नाही," म्हटलं. "मागच्या चाकात हवा कमी वाटली."

"तिकडे गेले की भरून घेते," ती म्हणाली.